कॅन्यनमधल्या ग्रॅव्हल राईडला ३८ चा टायर की ४५ चा? आधी बाहेर पडायच्या वाटा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तीन वर्षं रोडबाईक चालवताय, १०० किमी सहज होतात, आता ग्रॅव्हल बाईक (खडी-मातीच्या वाटांसाठीची, जाड टायरची) घेतलीये आणि पहिलीच मोठी राईड नदीच्या कॅन्यनमधल्या, म्हणजे उंच कड्यांमधल्या खोल घळईतल्या, एका नेचर पार्कमधून करायचीये. ८५ किमीचा लूप, एकूण चढ १४०० मीटर, सकाळी ८ ला निघून दुपारी २ ला बाहेर. आणि विचारलंय की बाईकवर आलेला ३८ मिमी रुंदीचा टायर चालेल का ४५ चा घ्यावा.

टायरचं उत्तर देतेच, खाली सविस्तर आहे. पण प्रश्न वाचताना मला टायरपेक्षा ते "८ ते २" जास्त खटकलं. मी गेली ११ वर्षं अशा राईड्स लीड करते, छोटे ग्रुप, सहा-आठ जण, बहुतेक वेळा नदीच्या खोऱ्यांतून, आणि या काळात जे लोक आत अडकलेले बघितले त्यांच्यात टायरमुळे अडकलेले अगदी मोजके होते. बाकीचे वेळ चुकल्यामुळे, पाणी संपल्यामुळे, नाहीतर शेवटच्या चढामुळे अडकले. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा वाचते, की एवढ्या लांबीची राईड या जागेत माझ्याकडून नीट होईल का आणि मधेच काही झालं तर मी बाहेर कसा पडणार.

डोंगरावरच्या राईडमधे आधी चढ असतो. दमलात, पाय बोलायला लागले, हवा फिरली, की बाईक वळवायची आणि उतारावरनं गाडी आपोआप खाली येते. चुकीचा अंदाज डोंगर माफ करतो. कॅन्यनमधे हे बरोबर उलटं आहे. सकाळी ताजेतवाने असताना तुम्ही मजेत खाली उतरता, तासाभरात १५-२० किमी मागे पडतात, वाटतं आज काय मस्त चाललंय, आणि सगळा चढ शिल्लक असतो दुपारसाठी, जेव्हा पाय गेलेले असतात, पाणी कमी झालेलं असतं आणि कडे तापलेले असतात. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधे आतल्या वाटांवर सायकलला परवानगीच नाही, पण पायी उतरणाऱ्यांनाही तिथे हेच बजावलं जातं, की खाली जाणं तुमच्या मर्जीवर आहे, वर येणं नाही. दोन चाकांवर हे आणखी खरं आहे कारण सायकलवर खाली जाणं फारच सोपं असतं.

एक प्रसंग सांगते. पाचव्या का सहाव्या वर्षी मी सहा जणांना घेऊन गेले होते, ७० किमीचा रूट, शेवटच्या १२ किमीत ४२० मीटर चढ. मी एकूण चढ बघितला होता, तो ९०० होता, जमेल असं वाटलं. पण त्यातला जवळजवळ निम्मा शेवटी साठलाय याकडे हवं तेवढं लक्ष दिलं नाही. ग्रुपमधला सगळ्यात फिट माणूस, ज्याच्याबद्दल काळजीच नव्हती, त्याला चढाच्या तिसऱ्या किलोमीटरला दोन्ही मांड्यांत क्रँप आले, पाणी एक घोट उरलेलं, खाली नदी दिसतेय पण तिच्यापर्यंत पोचायला वाट नाही. आम्ही दोघं सायकली ढकलत वर आलो, साडेतीन तास लागले, अंधार पडला. काही वाईट झालं नाही, पण त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवसापासून मी रूटचा एकूण चढ नंतर बघते, आधी बघते की तो चढ कुठे आहे.

आता तुमच्या वेळेचं गणित. माझा ठोकताळा असा आहे की नवीन जागी, फोटो-बिटो न काढता, ग्रॅव्हलवर सपाटीला तासाला १५ किमी धरायचे आणि प्रत्येक १०० मीटर चढाला १० मिनिटं वेगळी जोडायची. ८५ किमीचे होतात ५ तास ४० मिनिटं, १४०० मीटरचे २ तास २० मिनिटं, म्हणजे नुसतं पेडलिंगच ८ तास. खाणं, पाणी भरणं, एखादं पंक्चर, गेट उघडणं-लावणं, रस्ता चुकून मागे येणं याला एक तास तरी द्याच. झाले ९. तुम्ही ८ ला निघालात तर संध्याकाळी ५ ला बाहेर, आणि अरुंद घळईत ऊन लवकर जातं, घड्याळात संध्याकाळ व्हायच्या कितीतरी आधी खाली सावली आणि गारठा येतो. रोडवर तुमचा २५-२६ चा ॲव्हरेज असेल तर हे आकडे फार सावध वाटतील, मान्य आहे, आणि वाट पक्क्या दाबलेल्या मुरुमाची असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा तासभर आधीही पोचाल. जुनी रेल्वेलाईन काढून केलेली वाट असेल तर आणखीच लवकर, कारण रेल्वेचा चढ सहसा २-३ टक्क्यांच्या वर जात नाही आणि तिथे रिदम लागतो. (तशा वाटेवर बोगदे असतात, पुढचा लाईट दिवसासुद्धा बरोबर ठेवा, बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर डोळे जुळेपर्यंत काहीसुद्धा दिसत नाही आणि समोरून चालत येणारा माणूस अंगावरच येतो.) पण रूट कुठल्या प्रकारचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी वाईटातलं वाईट धरते. पहिल्या वेळी एक तर ६ ला निघा, नाहीतर ५५-६० किमीचा छोटा लूप काढा. मला विचाराल तर छोटा लूप.

यानंतर नकाशा उघडायचा आणि एकच काम करायचं, बाहेर पडायच्या वाटा शोधायच्या. कॅन्यनमधे "अजून किती किमी राहिले" हा आकडा फारसा उपयोगी नसतो, कारण दोन्ही बाजूंना कडे असताना ३० किमी पुढे आणि ३० किमी मागे हे सारखंच असतं. उपयोगी काय, तर पुढचा पूल कुठे आहे, कुठल्या बाजूच्या ओढ्याच्या घळीतून गाडीरस्ता वर जातो, कुठे धरणाचा सर्व्हिस रोड आहे, कुठे वस्ती आहे. मी प्रत्येक अशा जागेला खूण करते आणि तिथे पोचायची शेवटची वेळ लिहून ठेवते. समजा ३२ व्या किलोमीटरला पूल आहे आणि तिथून वर डांबरी रस्त्याला जाता येतं, तर त्याच्यासमोर लिहायचं "११:१५". सव्वाअकराला तिथे पोचलो नाही तर पुढे जायचं नाही, तिथूनच वर. चर्चा नाही. हे घरी बसून ठरवलेलं असतं म्हणून ते पाळता येतं, तिथे नदीकाठी उभं राहून ठरवायला गेलं की प्रत्येकजण म्हणतो अजून थोडं जाऊ. आणि दोन एक्झिटमधलं अंतर १५ किमीपेक्षा जास्त असेल तर तो तुकडा पहिल्या राईडला नकोच, कारण १५ किमी म्हणजे बिघडलेली सायकल ढकलत चार-पाच तास चालणं.

दिशेचाही विचार करा, याकडे कोणी बघत नाही. लूप असेल तर तो दोन्ही बाजूंनी करता येतो आणि त्यातली एक बाजू बहुतेक वेळा चांगली असते. मोकळ्या उन्हाच्या दिवशी दरीत वारा ठराविक पद्धतीने वाहतो, दिवसा कडे आणि उतार तापले की हवा दरीतून वर, म्हणजे नदीच्या उगमाकडे चढायला लागते, आणि रात्री थंड जड हवा खाली, नदीच्या वाहण्याच्या दिशेने उतरते. सकाळी हा वारा हलका असतो, दुपारी चांगला जोर धरतो, आणि दोन कड्यांच्या मधे नरसाळ्यातून यावा तसा येतो. त्यामुळे जमलं तर सकाळी नदीबरोबर खाली आणि दुपारी नदीच्या विरुद्ध वर, म्हणजे चढावर वारा पाठीशी. ढगाळ हवा असेल किंवा मोठी वादळी सिस्टीम आली असेल तर हे सगळं मोडतं, तेव्हा हा नियम नाही, पहिला अंदाज आहे. दुसरी गोष्ट, लूप असा फिरवा की सगळ्यात उभा तुकडा पक्क्या रस्त्यावर चढायला येईल आणि सुट्ट्या खडीचा तुकडा हलक्या उतारावर. सुट्ट्या खडीवर १२ टक्के चढ म्हणजे मागचं चाक नुसतं फिरतं, उभं राहून पेडल मारता येत नाही, बसून वजन मागच्या चाकावर ठेवावं लागतं आणि एकदा पाय टेकला की परत निघताच येत नाही.

चढावरून गिअरकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या टायरच्या बजेटवर खरा हक्क गिअरचा आहे. बऱ्याच ग्रॅव्हल बाईक पुढे ४० दात्यांचं एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे सगळ्यात मोठं ४२ दात्यांचं कॉग (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) अशा येतात. ६० च्या केडन्सने, म्हणजे पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांनी, ४५ च्या टायरवर, या गिअरला साडेसात-पावणेआठ किमीचा स्पीड पडतो. तुम्ही, सायकल, पाणी, सामान मिळून ९० किलो धरले तर १२ टक्क्यांच्या चढावर एवढ्यासाठी अंदाजे २४५ वॅट लागतात. तेच मागे ५१ चं कॉग असेल तर ६० च्याच केडन्सला स्पीड होतो ६.३ आणि लागतात २०० च्या आसपास. हा ४०-४५ वॅटचा फरक सकाळी जाणवणार नाही, सहाव्या तासाला तोच फरक चालवणं आणि ढकलणं यातला असतो. मोठी कॅसेट (मागच्या कॉगचा संच) प्रत्येक डिरेलरला (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला) चालत नाही, म्हणून सायकल मेकॅनिकला आधी विचारा, नसेल चालत तर पुढचं चेनरिंग ३६ चं करणं बऱ्याचदा सोपं आणि स्वस्त पडतं. वरचा स्पीड थोडा जाईल, पण ग्रॅव्हलच्या उतारावर ४५ च्या पुढे पेडल मारायची तुम्हाला गरजही पडायला नको.

आता टायर. ३८ ने जाता येतं का? येतं. मी ४५ घ्या म्हणेन का? हो, फ्रेममधे जागा असेल तर. टायर बसल्यावर दोन्ही बाजूंना आणि वर, प्रत्येक ठिकाणी निदान ४-५ मिमी मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर ओल्या मातीत एक खडा अडकून चेनस्टेचा, म्हणजे मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या नळीचा, रंग आणि नंतर खालचं कार्बन खरवडून काढतो. ३८ वरून ४५ म्हणजे ७ मिमीच वाढले असं वाटतं, पण आतली हवा साधारण ४० टक्क्यांनी वाढते, आणि त्यामुळे प्रेशर बरंच खाली आणता येतं, रिमला फटका न बसता. तुमचं वजन माहीत नाही, ७० किलो धरून सांगते, ४५ ट्यूबलेसला (आत ट्यूब नसलेल्या टायरला) पुढे २८ आणि मागे ३० पीएसआय हवेने सुरुवात करा, ३८ ला पुढे ३४ मागे ३६. मग घराजवळच्या एखाद्या खराब पट्ट्यावर दोन-दोन पीएसआय कमी करत बघा. वळताना टायर अंगाखाली लडबडायला लागला किंवा दगडावर रिमचा टक्क आवाज आला की दोनने वाढवा, तिथे तुमचं प्रेशर. रोडवाल्यांची ८०-९० ची सवय असते, त्यांना ३० म्हणजे पंक्चर झाल्यासारखं वाटतं, पण जास्त हवेचा टायर प्रत्येक गोट्यावरून उडतो आणि उडालेल्या टायरला ना ग्रिप ना ब्रेक.

पण टायरची रुंदी ही अर्धीच गोष्ट. कॅन्यनमधे दोन प्रकारचे दगड भेटतात आणि ते दोन वेगळ्या पद्धतीने त्रास देतात, हे कळलं की टायरची निवड सोपी होते. नदीजवळ असतात गोटे, हजारो वर्षं पाण्यात घासून गोल झालेले, जिथे नदीने रांजणखळगे कोरलेत तिथे आसपास हमखास. गोटे टायर कापत नाहीत, ते घरंगळतात, पुढचं चाक बाजूला फेकतात. त्यांच्यावरून जाताना हँडल ढिलं धरायचं, नजर लांब ठेवायची, जरा मोठा गिअर लावून एकसारखं पेडल मारत राहायचं आणि पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही. कड्याच्या पायथ्याशी मात्र असतात कपच्या, वरून तुटून पडलेल्या, ताज्या, धारदार. या टायरची बाजू चिरतात, म्हणजे साईडवॉल, आणि साईडवॉलची मोठी चीर सीलंटने (ट्यूबलेस टायरमधल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाने) भरत नाही, प्लगनेही (भोकात खुपसायच्या रबरी पट्टीनेही) बहुतेक वेळा नाही. तिथे आतून बूट, म्हणजे चिरेवर लावायचं जाड ठिगळ, लावून ट्यूब घालावी लागते. म्हणून ४५ चा घेताना सगळ्यात हलका, पातळ बाजूंचा रेसचा टायर घेऊ नका, साईडवॉलला जादा थर असलेला घ्या, १०० ग्रॅम वाढू देत. मधे बारीक नक्षी आणि कडेला जरा मोठे नॉब असं डिझाईन अशा मिश्र वाटेला मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. सीलंट कधी भरलं होतं ते आठवा, ते काही महिन्यांत सुकतं, गरम हवेत आणखी लवकर, आणि सुकलेलं सीलंट म्हणजे नसलेलं सीलंट. व्हॉल्व्ह कोअर काढून आत ओलं आहे का बघायला पाच मिनिटं लागतात.

बरोबर दोन ट्यूब, प्लग, टायर बूट, चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायचा दुवा), तुमच्या फ्रेमचा स्पेअर हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा), मल्टिटूल आणि हातपंप. कार्ट्रिज (दाबलेल्या गॅसचं छोटं नळकांडं) हवं तर न्या पण पंपाऐवजी नाही, कार्ट्रिज संपतात. वॉशबोर्डवर, म्हणजे ज्या वाटेवर आडव्या लाटालाटा पडलेल्या असतात तिथे, बॉटलकेजचे स्क्रू सुटतात आणि हँडलवरची जड बॅग झोकांड्या खाते, म्हणून वजन फ्रेमबॅगमधे, जमेल तेवढं खाली. मेटॅलिक ब्रेक पॅड घाला, ते थोडा आवाज करतात पण चिखल-रेतीत टिकतात आणि लांब उतारावर तापले तरी काम करत राहतात. उतारावर हात खाली ड्रॉप्समधे (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात), ब्रेक वळणाच्या आधी, वळणात सोडलेला. सतत घासत उतरण्यापेक्षा जोरात दाबा-सोडा, दाबा-सोडा असं करा, रोटरला (ब्रेकच्या चकतीला) गार व्हायला वेळ मिळतो. आंधळ्या वळणावर तर एवढाच स्पीड की दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल, कारण पलीकडे चालणारे असतात, घोड्यावरचे असतात. घोडा दिसला तर लांबूनच आवाज द्या, माणसाचा आवाज ऐकला की घोडा शांत राहतो, आणि उतारावरची वाट असेल तर खालच्या बाजूला थांबा.

इथपर्यंतचं थोडक्यात: रूट छोटा, निघायचं लवकर, एक्झिट लिहिलेल्या, हलका गिअर, ४५ चा जाड बाजूचा टायर. आता राहिल्या दोन गोष्टी ज्यांत मी कोणाचंही ऐकत नाही, पाणी आणि पक्षी.

पाण्याचं आधी. प्यायचं पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा, उन्हाळ्यात कडे उष्णता परत फेकतात तेव्हा जास्तच. जितकं खाली जाल तितकं गरम, हजार मीटर उंचीला सहा-साडेसहा अंशांचा फरक हा नेहमीचा हिशोब आहे, ग्रँड कॅन्यनसारख्या कोरड्या जागी त्याहूनही जास्त पडतो. नदी शेजारी वाहतेय म्हणून बाटली भरून घेऊ असं धरून चालू नका, ०.१ मायक्रॉनचा फिल्टर असेल तर बॅक्टेरिया आणि प्रोटोझोआ अडतात, पण व्हायरस आणि वरच्या शेतांतली औषधं अडत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी नदीपर्यंत उतरताच येत नाही.

आणि वाहणारं पाणी. कॅन्यनमधे तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना पूर येऊ शकतो, कारण पाऊस वर कुठेतरी लांब पडलेला असतो आणि ते सगळं पाणी याच एका फटीतून जाणार असतं. १२ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनमधे ११ पर्यटक असेच पुरात वाहून जाऊन दगावले, वादळ काही मैल वरच्या बाजूला होतं. ती जागा अगदी अरुंद फटीची आहे, तुमचं कॅन्यन कदाचित रुंद असेल, पण तत्त्व तेच. म्हणून हवामान बघताना पार्कचा अंदाज बघू नका, वरच्या पूर्ण पाणलोटाचा बघा, आदल्या दिवसाचासुद्धा. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात आणि भोंगा वाजतो का हे पार्कच्या ऑफिसात विचारा. नदीचं पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, किंवा वरच्या बाजूने रेल्वे यावी तसा आवाज आला, तर सायकलचा विचार न करता उंच जागी जा. ओढा ओलांडताना लक्षात ठेवा, जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी, म्हणजे घोट्याच्या जरासं वर, मोठ्या माणसाला पाडू शकतं. तळ दिसत नसेल तर जायचं नाही. दिसत असेल आणि संथ असेल तर उतरून, सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून चालत, म्हणजे सायकल ओढली गेली तरी ती तुमच्या पायावर येणार नाही, आणि तशी वेळ आली तर सायकल सोडून द्यायची. जेवायला कड्याखालच्या सावलीत बसायचा मोह होतो, तेव्हा वर बघा, खडकावर ताजी फिकी जखम दिसली किंवा पायाशी नव्या कपच्या पडलेल्या असल्या तर दुसरी सावली शोधा. पाऊस पडून गेल्यावर आणि रात्री बर्फ धरून सकाळी ऊन आल्यावर दगड जास्त सुटतात.

आता पक्षी. तुम्ही लिहिलंय की पार्कच्या वेबसाईटवर काही वाटा ठराविक महिन्यांत बंद दिसतात, "पण सायकलने पटकन निघून गेलं तर काय होतंय". होतं. कड्यांवर गिधाडं, ससाणे, गरुड घरटी करतात, आणि अशी बंदी कोणी उगाच घालत नाही. ग्रिफन गिधाडाचं उदाहरण घ्या. वर्षाला एकच अंडं, हिवाळ्यात घातलेलं. सात-आठ आठवडे उबवायचं, मग पिल्लू जवळजवळ चार महिने घरट्यात. म्हणजे एका पिल्लासाठी अर्धं वर्ष. त्यात एखाद्या सकाळी कोणीतरी घरट्याच्या समोर थांबलं, मोठ्याने बोललं, ड्रोन उडवला, आणि जोडीतला पक्षी उडाला, तर अंडं गार पडतं किंवा कावळ्यांना मिळतं आणि ते वर्ष संपलं, दुसरं अंडं सहसा नाहीच. स्पेनमधे दुरातोन नदीच्या घळयांचं नॅचरल पार्क आहे, तिथे ग्रिफनच्या शेकडो जोड्या आहेत आणि काही वाटांवर १ जानेवारी ते ३१ जुलै परवान्याशिवाय जाता येत नाही. अंडं घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंतचा काळ मोजा, तारखा अशाच का आहेत ते लगेच कळतं. तुमच्या पार्कात जाती वेगळ्या असतील, महिने वेगळे असतील, पण कारण हेच असणार. आणि "पटकन निघून जाऊ" हे तसं होतही नाही, नेमकं तिथेच पंक्चर होतं, तिथेच कोणी मागे राहतो आणि आपण हाका मारत उभे राहतो. मी अशा महिन्यांत ग्रुप घेऊन वरच्या पठारावरून फिरते, कड्याच्या अलीकडून, आणि दुर्बीण बरोबर नेते. एकदा आम्ही मान्य असलेल्या एका जागेवरून तासभर बसून बघितलं, समोरच्या कपारीत पिल्लू पंख उघडून नुसतं उभं राहून वारा घेत होतं, उडत नव्हतं. ग्रुपमधला एकजणही मोबाईलकडे बघत नव्हता. खालच्या वाटेने गेलो असतो तर आम्हाला ते दिसलंही नसतं आणि आमच्यामुळे कदाचित ते तिथे राहिलंही नसतं.

पायवाटेच्या बाहेर टायर जाऊ देऊ नका, डबकं चुकवायला कडेने गेलं की वाट दरवर्षी रुंद होत जाते. कोरड्या प्रदेशात तर वरची माती जिवंत असते, तिच्यावर शेवाळ आणि जंतूंची काळपट पापुद्र्यासारखी साय असते, एका चाकाने ती मोडली की परत यायला वर्षानुवर्षं लागतात. एका पार्कातून दुसऱ्या पार्कात जाताना टायर-फ्रेम धुवून वाळवून न्या, चिखलातून बाहेरचं बी जातं.

शेवटी जीपीएसबद्दल, कारण तुम्ही सगळा भरवसा सायकल कॉम्प्युटरवर ठेवलाय असं वाटलं. उंच कड्यांमधे आकाशाची एक पट्टीच दिसते, सॅटेलाईट कमी मिळतात आणि जे मिळतात त्यांचा सिग्नल कड्यावर आपटून येतो, मग स्क्रीनवर तुम्ही नदीच्या पलीकडे दिसता, "ऑफ कोर्स" (रूट सोडलात) वाजत राहतं, किलोमीटर जास्त दाखवतो. मी ग्रुपला सांगते की दोन कड्यांच्या मधे जीपीएसला नाही, नदीला विचारा, ती उजव्या हाताला होती, अजून उजव्या हाताला आहे का? नसेल तर आपण कुठला तरी पूल किंवा फाटा चुकलोय. ऑफलाईन नकाशा फोनमधे उतरवून ठेवा आणि एक्झिटच्या वेळा कागदावर लिहून टॉपट्यूबला (फ्रेमच्या वरच्या नळीला) टेपने चिकटवा. नेटवर्क बहुतेक नसेलच, म्हणून बाहेरच्या एका माणसाला रूट आणि "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर पार्कला कळव" अशी वेळ देऊन ठेवा. एकटे जाणार असाल तर सॅटेलाईट मेसेंजर (नेटवर्क नसताना मेसेज पाठवणारं यंत्र) भाड्याने का होईना घ्याच, पहिल्या वेळी तर मी एकट्याने जाऊ नका असंच म्हणेन.

तुम्ही रूटची फाईल दिलेली नाही, त्यामुळे वरचं बरंचसं अंदाजाने लिहिलंय. चार गोष्टी कळवल्यात तर नेमकं सांगता येईल: कुठल्या महिन्यात जाणार, तुमचं सामानासकट वजन, मागच्या कॅसेटचं सगळ्यात मोठं कॉग, आणि नकाशावर बाहेर पडायच्या किती वाटा सापडल्या, कितव्या किलोमीटरला. चौथी सगळ्यात आधी कळवा, टायर त्यानंतर ऑर्डर करा.